वाढपिणीची वाट

आमच्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. बुलढाण्याकडच्या धाडपासून सहा किलोमीटर, एवढं पुरे. ज्याला ओळखायचं तो ओळखीलच, अन् ज्याला ओळखू येणार नाही त्यानं ते आपलंच गाव समजावं.

झालं असं, की 'सोबत'वाल्यांनी मला एक पान मागितलं. 'सोबत' म्हणजे यंदा डिसेंबरपासून बुलढाण्यात नाच-नाटकांचा जो हंगाम चालला तो. दर शनिवारी एक खेळ, अन् सगळ्या खेळांचा विषय एकच, की माणसं एकमेकांच्या सोबतीनं कशी राहतात. शेवटच्या खेळात आमच्या गावच्या बायका होत्या. हंगाम संपल्यावर त्यांना पुस्तिका काढायची होती. मला म्हणाले, "वंदनाताई, तुमच्यातल्या एका साध्या बाईची ओळख लिहून द्या." मी लिहिली, तानाबाईची. हसतमुख, कष्टाळू, सर्वांना आपलंसं करणारी, असं सगळं लिहिलं. वाचून पाहिलं तर मला माझीच शिसारी आली. ते पान फाडलं. हे दुसरं आहे. छापायचं का नाही ते त्यांचं ते पाहून घेतील.

मी अंगणवाडी सेविका. चोवीस वर्षं रजिस्टरं भरून भरून माझी लिहायची मराठी सरकारी झाली, बोलायची मात्र तीच राहिली, काऊन-कशालेवाली वऱ्हाडी. तानाबाई माझी मदतनीस. वय चौसष्ट, म्हणजे माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. मी तिला 'तू' म्हणते, ती मला 'तुम्ही' म्हणते. हे वाक्य लिहीपर्यंत ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, खरं सांगते.

तिचं माहेर देऊळगाव राजाकडलं. पंधराव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा तिकडच्या चालीनं 'मला, तुला' करायची, अन् बायका तिची टिंगल करायच्या. आता पन्नास वर्षांनी तीच दुसऱ्यांची टिंगल करते. नवरा जानराव आमच्याच वावरात सालानं कामाला होता. काविळीनं गेला, तेव्हा पोरगा प्रसेनजित आठवीत होता. तिनं कापूस वेचून, सोयाबीन सोंगून त्याला बारावी केला, आयटीआय केला. तो आता जालन्याला कंपनीत आहे अन् त्याची पोरगी मयुरी बुलढाण्याच्या कॉलेजात शिकते. मयुरी माझ्याच अंगणवाडीतली. चार वर्षांची असताना सगळ्या पोरांच्या चपला ओळीनं लावून ठेवायची.

तानाबाईच्या हातात एक कसब आहे. रडणारं लेकरू ती खांद्यावर टाकते, पाठीवर दोन थापा मारते, अन् ते गप. दुसरं म्हणजे लेकरू नुसतं उचलून ती वजन सांगते. "साडेनऊ. मागल्या महिन्यात पावनेदहा होतं, याले जुलाब झाले काय वं?" काट्यावर ठेवलं की साडेनऊच भरतं. एकदा दोन महिने काटा बिघडलेला होता, तेव्हा मी तिच्या हातावर भरवसा ठेवून रजिस्टर भरलं. वरून आलेल्या मॅडमनं आपल्या काट्यावर तपासलं, एक आकडा चुकला नाही. मॅडम गेल्यावर तानाबाई पोट धरून हसली. म्हणे, "पाहा, सरकारनं मले काटा म्हनून नेमलं!"

इथवर सगळं त्या फाडलेल्या पानावर होतं. पुढचं नव्हतं.

तिची नेमणूक झाली तेव्हा कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, की खिचडी शिजवायची ती मदतनिसानं. पहिल्या दिवशी तिनं शिजवली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी चुलत सासू जनकाबाई नातवाला कडेवर घेऊन दारात आली. आमच्या बायांत जनकाबाईचा शब्द शेवटचा. आत आली नाही. तिथूनच विचारलं, "वंदना, खिचडी कोन शिजवते वं?" बस्स, एवढंच. त्या दिवशी चौतीस लेकरांपैकी अकरा आली.

मी काय करायला पाहिजे होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. मी नोकरीवर नवी होते, घरात सून होते, ही कारणं खरी आहेत, पण ती मी मलाच कितीदा सांगितली आहेत ते विचारू नका. तिसऱ्या दिवशी मी पदर खोचून चुलीपाशी उभी राहिले. तानाबाईला म्हटलं, "तू लेकरं आनत जा, तांदूळ निवडत जा, भांडे घासत जा. शिजवाचं मी पाहीन. तुले आधीच लय काम हाय." ती चुलीकडे पाहून राहिली, मग माझ्याकडे. म्हणाली, "हाव, बरं हाये." अन् झाडू घेऊन अंगणात गेली.

लेकरं परत आली. तेव्हापासून बावीस वर्षं खिचडी मीच शिजवते. तिनं निवडलेले तांदूळ चालतात, तिनं घासलेलं पातेलं चालतं, तिनं ढवळलेलं तेवढं चालत नाही. यात काय अक्कल आहे ती मला विचारू नका, मला सापडली नाही. एका वर्षी तर कमालच झाली. सेविका असून स्वतःच्या हातानं शिजवते म्हणून मला प्रशस्तिपत्रक मिळालं! ते मी काच लावून चुलीच्या वरच टांगलं. त्याच्या खाली बसून तानाबाई रोज तांदूळ निवडते.

अजून एक सांगून टाकते. दर बुद्धपौर्णिमेला त्यांच्या विहारात खीर असते. तानाबाई दरवर्षी बोलवायला येते, अन् दरवर्षी माझा उपास असतो. पौर्णिमेचा. त्या एका पौर्णिमेशिवाय मी दुसरी पौर्णिमा धरत नाही. तिलाही ते माहीत आहे. "उपासाले चालते खीर, साबुदान्याची केली असती," असं ती एकदा हसून म्हणाली होती. मीपण हसले होते.

तर अशा आम्ही. अन् आमच्या गावात पुण्याची पूनम आली सोबतीचा नाच बसवायला.

पूनम अठ्ठावीस-तीसची असेल. बारीक, केस कापलेले, बोलणं गोड. तिच्यासोबत नाचणाऱ्या दोन पोरी. तिघी माझ्याच घरी वरच्या खोलीत राहिल्या, तीन आठवडे. आमची बोली त्यांना फार आवडे. मी "बसून राह्यली" म्हटलं की त्या तिघी ते घोळून घोळून म्हणत. दुसऱ्याचं नागडं पोर कौतुकानं पाहावं तसं मला वाटे, पण मी काही बोलले नाही. मलाही तिच्या डोळ्यांत गाव चांगलं दिसावं असं फार वाटत होतं. सकाळी ती उठायच्या आत मी दारासमोरची नाली झाडून ठेवत होते, हो!

शाळेच्या मोठ्या खोलीत बायका जमल्या. आम्ही शेतकऱ्यांच्या घरच्या नऊजणी, त्यात जनकाबाई सगळ्यात म्हातारी. अन् तानाबाई अन् तिच्या दोघी जावा. पूनम म्हणाली, "अभिनय करायचा नाही. तुम्ही सगळ्या मिळून करता असं एक काहीतरी मला दाखवा." एकजण म्हणे कापूस वेचणी, दुसरी म्हणे पापड. जनकाबाई म्हणाली, "भंडारा घे ना बापा. सप्त्याच्या भंडाऱ्याले सारं गाव एका जागी जेवते. वरन-बट्टी, वांग्याची भाजी." पूनमचा चेहरा उजळला. "मग तशाच बसा," ती म्हणाली, "जशा भंडाऱ्याला बसता. काही विचार करू नका."

अन् आम्ही काही विचार केला नाही.

नऊजणी ओळीनं मांडी घालून बसलो. जनकाबाई पहिली, मी शेवटची. मग दोन हात जागा सुटली. अन् त्या जागेपलीकडे तानाबाई अन् तिच्या जावा बसल्या. कुणी कुणाला सांगितलं नाही. कुणी पाहिलंसुद्धा नाही. आमच्या गावात आता कुणी कुणाला म्हणत नाही की तू तिकडं बस. पाट्या नाहीत, भांडण नाही, पाणी एकाच नळाचं. नुसती दोन हात जागा सुटते.

पूनम आमच्या भोवती फिरली. एकदा, दोनदा. मग त्या जागेपाशी येऊन थांबली. "ही मोकळी जागा कसली?"

जनकाबाई नखं पाहू लागली. तानाबाई समोर भिंतीवरच्या बाराखडीकडे पाहत होती. सगळ्याजणी गप्प म्हटल्यावर शिकलेली मीच, उत्तर द्यायचं माझ्याकडेच आलं. अन् मी म्हणाले, "वाढपिणीची वाट आहे ती. वाढणारीला वळायला जागा लागते ना."

इतकं सहज आलं तोंडातून! अशा वेळी जीभ अडखळायला पाहिजे, पण माझी अडखळली नाही.

पूनमनं दोन्ही हात छातीवर ठेवले. "किती सुंदर! म्हणजे वाढणाऱ्या बाईसाठी अख्खी पंगत मिळून जागा सोडते!" मग वाकून तिनं तानाबाईला विचारलं, "हो ना मावशी?"

तानाबाईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार नाही, एक लेकरू उचलून खाली ठेवायला लागतो तितकाच वेळ. अन् म्हणाली, "हाव. वाट हाये."

त्या संध्याकाळी पूनमनं नाचाचं नाव ठरवलं: 'वाट'. अख्खा खेळ तिनं त्या दोन हातांवर उभा केला. तिच्या दोघी पोरी त्या जागेतून वाढायला येणार, वळणार, वाकणार, एकमेकींना ओलांडणार. आम्ही बाराजणींनी बसायचं, ताटं मांडायची, हात धुवायचे, शेवटी एका लयीत ताटावर बोटं वाजवायची. दुसऱ्या दिवशी तिनं पांढरी चिकटपट्टी आणली अन् जिथं जिथं आम्ही बसलो होतो तिथं तिथं फरशीवर खुणा केल्या. मधल्या जागेच्या दोन्ही कडांना लांब पट्ट्या ओढल्या. मी उभी राहून पाहत होते. बापजाद्यांपासून जे कुणाला दिसलं नव्हतं ते त्या पोरीनं दहा मिनिटांत फरशीवर आखून दिलं. अन् तिला काय आखलं ते ठाऊक नव्हतं, कारण मी तिला सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी ताटं वाजवताना तानाबाई रंगात येऊन थोडी पुढं सरकली. पट्टीवर तिचा गुडघा आला. पूनम लांबून ओरडली, "मावशी, तुमची जागा मागे! ती जागा सोडा!" तानाबाईला ताटांच्या आवाजात ऐकू गेलं नाही. पूनम मला म्हणाली, "ताई, जरा सांगा ना त्यांना."

अन् मी सांगितलं. "तानाबाई, सरक. तिकडं सरक."

आमच्या गावात हे वाक्य कुणी तोंडानं बोलल्याला चाळीस वर्षं झाली असतील. ते मी बोलले, दिवसाढवळ्या, शाळेत, सोबतीच्या नाचात. ती सरकली. तिची एक जाऊ ताट तसंच ठेवून बाहेर गेली, ती थोड्या वेळानं तोंडावर पाणी मारून परत आली. जनकाबाई माझ्याकडे पाहून नुसती मान हलवत होती, बरोबर झालं अशी. त्या मानेनं मला जास्त लाज वाटली. मी आजवर मला जनकाबाईपेक्षा वेगळी समजत होते, हो. मी पेपर वाचते, मी चौदा एप्रिलला मिरवणुकीत पाणी वाटते, मी तानाबाईसोबत हसते. जनकाबाईनं निदान दारात उभं राहून तोंडानं विचारलं तरी होतं.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत तांदूळ निवडता निवडता मी विषय काढला. "तानाबाई, त्या दिवशी तू पूनमले हाव काऊन म्हटलं?"

ती खडे बाजूला टाकत राहिली. "मंग काय म्हनाचं होतं?"

"जे खरं हाय ते."

"तुमच्या घरी राह्यते ते पोरगी," ती म्हणाली. "तुमचं मीठ-भाकर खाते. तिच्यापुढं तुमची इज्जत गेली असती. मले नाई पाह्यवलं." मग सुपातले तांदूळ पाखडले अन् म्हणाली, "मयुरी येनार हाये खेळाले. तिनं तिच्या मैत्रिनीईले सांगून ठेवलं, माही आजी नाटकात हाये म्हनून."

पूनमला ते कळलं नाही, पुणे-मुंबईच्या पाहुण्यांना कळणार नाही, पण मयुरीला एका नजरेत कळेल. ती त्याच गावात वाढलेली. आपल्या आजीला स्टेजवर दिवे लावून, पट्ट्या ओढून, परत तिथंच बसवलेलं ती पाहणार, अन् तेही मैत्रिणींसोबत. मी ठरवलं, आज पूनमला सांगायचंच.

त्या दिवशी पूनमला ताप होता म्हणून नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती इतकी खुशीत होती की नाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी जिन्यावर तिला गाठलं, "पूनम, ती मधली जागा जरा कमी करता येईल काय?" एवढं म्हटलं. ती म्हणाली, "अहो ताई, तीच तर आपल्या खेळाची जान आहे!" अन् मी म्हणाले, "हो का, मग राहू दे." राहू दे! जशी काय भाजीत मीठ कमी टाकायची गोष्ट होती.

खेळाचा शनिवार आला. आम्ही दोन जीपा करून बुलढाण्याला गेलो. सगळ्याजणी नव्या लुगड्यांत, जनकाबाईनं नथ घातलेली. तानाबाईनं पांढरी साडी नेसली होती, निळ्या काठाची, विहारात जाताना नेसते ती. हॉल भरला होता. स्टेजवर पट्ट्या आधीच चिकटवलेल्या. पाच वाजता दिवे लागले, आम्ही जाऊन आपापल्या खुणेवर बसलो. तिसऱ्या रांगेत मला मयुरी दिसली. सुरुवातीला ती आजीला हात करून हसली. मग तिची नजर ओळीवरून इकडून तिकडं गेली, पट्टीवर थांबली, अन् हसू गेलं. पुढचा पाऊण तास मी त्या तोंडाकडे पाहिलं नाही.

टाळ्या फार झाल्या. लोक उभे राहिले. मग 'सोबत'वाल्यांची रीत, खेळानंतर खुर्च्या मांडून प्रश्न-उत्तरं. मागून एक म्हातारे गृहस्थ उठले. म्हणाले, "खेळ आवडला. पण मी पुष्कळ खेड्यांतून जेवलो आहे, अशी वाट मी कुठं पाहिली नाही. ही रीत कुठून आली?" पूनम हसून म्हणाली, "हे तर वंदनाताईच सांगतील," अन् माईक माझ्या हातात दिला.

माईक जड असतो. मला तेव्हाच कळलं. समोर सगळा जिल्हा बसल्यासारखा वाटत होता. तिसऱ्या रांगेत मयुरी. माझ्या उजव्या हाताला, खुर्च्यांतही, दोन हात जागा, अन् त्यापलीकडे तानाबाई, मांडीवर हात ठेवून, शांत. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिनं मला मोकळं सोडलं होतं. बोल, नाही तर नको बोलू. मला दुसरी संधी यापेक्षा सोपी कोण देणार होतं?

मी म्हणाले, "आमच्याकडं आधीपासूनच आहे. वाढणाऱ्या बाईला मान म्हणून."

मान! तो शब्द पूनमलाही सुचला नव्हता, तो मी माझ्या मनानं जोडला. लोकांनी परत टाळ्या वाजवल्या. त्या गृहस्थांनी तेवढ्या वाजवल्या नाहीत, ते खाली बसले.

पडद्यामागे मी पाणी पीत होते तर मयुरी आली. पोरगी वाकून पाया पडली, तेवढं वळण तिच्या आजीनं लावलेलं. मग सरळ उभी राहून म्हणाली, "मॅडम, मी लहान होती तेव्हा आम्ही सारे आत जेवत होतो, अन् आजी पायरीवर बसून तिची भाकर खात होती. मले वाटे तिले हवा लागते म्हणून बसते." मी पेला खाली ठेवला. "ती पण वाटच होती काय?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. उत्तराची वाटही पाहिली नाही, मैत्रिणी बोलवत होत्या तिकडं निघून गेली.

मला वाटलं, जमीन फाटावी. हे नुसतं लिहायला लिहीत नाही. मी खरंच पायाखाली पाहिलं.

मग जेवायचं बोलावणं आलं. हॉलच्या मागच्या अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. पूनमचीच हौस, की आज खऱ्या पंगतीनं संपवू. पत्रावळी मांडलेल्या, वरण-बट्टी, वांग्याची भाजी, भात, बुंदी. इथं पट्ट्या नव्हत्या, कुणी खुणा केल्या नव्हत्या. समोरच्या ओळीत पाहुणे, त्यांत मयुरी अन् तिच्या मैत्रिणी; इकडे आमच्या बायका बसत गेल्या. जनकाबाई पहिली. मग बाकीच्या. मग तानाबाई अन् जावा. अन् मी हात धुऊन आले तर ती जागा तिथं होती, तेवढीच, मोजून दोन हात.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते सांगते, कारण तीच माझी सगळ्यात मोठी लाज आहे. मला वाटलं, सापडलं! आता मी तिथं जाऊन बसते. त्या जागेत, सगळ्यांसमोर, तानाबाईच्या मांडीला मांडी लावून. मयुरी पाहील. जनकाबाई पाहील. बावीस वर्षांची चूल, ते प्रशस्तिपत्रक, बुद्धपौर्णिमेचे उपास, तो माईक, सगळं एका बैठकीत फिटून जाईल. मी माझ्या जागेवरची वाढलेली पत्रावळ उचलली अन् त्या मोकळ्या जागेत मांडी घालून बसले. मला, देवाशप्पथ, माझा मोठेपणा वाटत होता.

जनकाबाईच्या हातातली बट्टी हातातच राहिली.

तानाबाईनं माझ्या पत्रावळीकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. रागानं नाही. लेकरू उचलून वजन सांगते तेव्हा तिच्या तोंडावर जे असतं तेच होतं. अन् हळूच, मला अन् शेजारच्या दोघींना ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाली,

"वंदनाबाई, सरका. वाढपिनीची वाट हाये ते."

ती हटली नाही. गुडघा पट्टीवर आला तेव्हा ती मुकाट सरकली होती, आता तिचा गुडघा जिथं होता तिथंच होता. मयुरी समोरच्या ओळीत बसली होती, तिनं मान वर केली अन् ती आजीकडे पाहत होती.

मी पत्रावळ उचलली. पत्रावळीवरचं वरण सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली अन् सरकले, इकडे, माझ्या नेहमीच्या जागेवर. जेवले. भात दोनदा मागून घेतला, कारण पत्रावळीतून मान वर काढायची माझी हिंमत नव्हती.